मागणीपत्रापासून करारापर्यंत: युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात मध्यस्थी कशी करावी

इंदूरजवळच्या पिथमपूरला किंवा देवासला एखाद्या कारखान्यातला तीन वर्षांचा करार संपत आला की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. युनियन भलंमोठं मागणीपत्र देते. व्यवस्थापन मंदीचं रडगाणं असलेलं उत्तर पाठवतं. गेट मिटिंगा सुरू होतात, काळ्या फिती लागतात, एखाद्या शिफ्टचं उत्पादन घसरतं, कोणाला तरी चार्जशीट (कंपनीचं शिस्तभंगाचं आरोपपत्र) मिळते, आणि पगारवाढ बाजूला राहून त्या चार्जशीटवरच महिनाभर भांडण चालतं. शेवटी करार होतोच. पण दोन्हीकडे अढी राहते, आणि पुढचं मागणीपत्र त्या अढीतूनच लिहिलं जातं.

हा लेख तिघांसाठी आहे: एचआरमधला माणूस, युनियनचा पदाधिकारी, आणि ज्याला दोघंही ‘तुम्ही जरा मध्ये बसा’ म्हणतात तो तिसरा. इंदूरच्या मराठी वस्त्यांत हे तिन्ही प्रकार सापडतात, कधीकधी एकाच गल्लीत. भर तिसऱ्यावर आहे, कारण त्याच्यासाठी लिहिलेलं फारसं कोणी वाचत नाही आणि गडबड बहुतेक तिथेच होते.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगतो. टेबलाच्या पलीकडच्या माणसाशी बोलणं तुलनेनं सोपं असतं. अवघड असतं ते बोलणी आटोपून आपल्याच माणसांसमोर उभं राहणं. युनियनच्या सेक्रेटरीला गेटवर उभं राहून ‘एवढंच का आणलं?’ याचं उत्तर द्यायचं असतं. एचआर हेडला मुख्यालयाच्या फोनवर ‘एवढं का दिलं?’ याचं. या दोघांच्या हातात आपापल्या माणसांना दाखवण्याजोगं उत्तर येईल अशी बोलणी घडवून आणणं हेच मध्यस्थाचं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

समजायला एक काल्पनिक कारखाना धरू. पिथमपूर, गाड्यांचे सुटे भाग, २४० कायम कामगार आणि जवळपास तेवढेच ठेकेदाराचे. करार संपून पाच महिने झालेत. युनियनची मागणी महिना ९,००० रुपये वाढ, कंपनीची तयारी ३,५०० ची. मधल्या काळात लाइनचं टार्गेट शिफ्टला ४०० नगांवरून ४६० वर नेलंय. कँटीनमधल्या बाचाबाचीनंतर दोन कामगार निलंबित आहेत.

कायद्याची चौकट, कामापुरती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिनं घेतली. मध्यस्थाला त्यातल्या चार-पाच गोष्टी तोंडपाठ हव्यात.

बोलणी कोणाशी करायची? एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढं बळ कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बसते. इंदूरला हा प्रश्न नवा नाही. मध्य प्रदेशाच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्यातही प्रतिनिधी युनियनची तरतूद होती. कापड गिरण्यांच्या काळात एकीकडे काँग्रेसच्या बाजूच्या इंटक या कामगार संघटनेचे व्ही. व्ही. द्रविड, दुसरीकडे १९६२ साली इंदूरमधून लोकसभेत गेलेले कम्युनिस्ट पुढारी होमी दाजी, अशी मोठी माणसं वेगवेगळ्या झेंड्यांखाली उभी असत. प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटल्याशिवाय बोलणीला बसू नका. नाहीतर करार एकाशी होतो आणि संप दुसरा करतो.

संप आणि टाळेबंदी दोन्हींना नोटीस लागते. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही, आणि ती नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते. समेट अधिकाऱ्यापुढे (तंटा मिटवायला सरकारनं नेमलेल्या माणसापुढे) कार्यवाही सुरू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवसांपर्यंतही संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. ‘आम्ही संप नाही केला, सुट्टी घेतली’ हे आता चालत नाही, आणि पोरांना हे आधी सांगणं पदाधिकाऱ्यांचं काम.

सरकारी समेट अधिकारी असताना खासगी मध्यस्थ कशाला? अधिकाऱ्याला मुदतीत अहवाल द्यायचा असतो, साधारण ४५ दिवस, आणि संपाची नोटीस असेल तर १४. त्याच्या टेबलावर अशा फायलींची चळत असते. लाइनवर जाऊन बसायला त्याला वेळ कुठून मिळणार? तुम्हाला तो असतो. पण अधिकाऱ्याला वगळू नका. राज्याचं श्रमायुक्त कार्यालय इंदूरलाच आहे, आणि तयार झालेला करार समेट अधिकाऱ्यासमोर सह्या करून पक्का केला तर तो युनियनबाहेरच्या आणि पुढे भरती होणाऱ्या कामगारांवरही बंधनकारक होतो. जुन्या कायद्यातल्या कलम १२(३) वरून लोक आजही त्याला ‘ट्वेल्व्ह-थ्री’ म्हणतात. दोघांनी आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. तपशिलासाठी राज्याचे ताजे नियम वकिलाकडून बघून घ्या.

मध्यस्थीला काय आणायचंच नाही, हेही आधी ठरवा. किमान वेतन, पीएफ, ओव्हरटाइमचा दुप्पट दर या कायद्याच्या खालच्या रेषा आहेत, त्यांवर तडजोड होत नाही. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडेच जाते, ती करारातल्या देवाणघेवाणीचा भाग कधीही बनू देऊ नका. ‘ती तक्रार मागे घ्या, मग इन्क्रिमेंटचं बघू’ असं कोणी सुचवलं तर मध्यस्थानं तिथल्या तिथे उठावं.

पहिली पायरी: मध्ये बसणारा निवडणं

दोन्ही बाजूंनी तीन-तीन नावं बंद पाकिटात द्यावीत. एखादं नाव दोन्हीकडे आलं तर प्रश्नच मिटला. नाही आलं तर समोरच्याच्या यादीतलं सगळ्यात कमी नको असलेलं नाव निवडावं. निवृत्त श्रम अधिकारी, कामगार कायद्याचा वकील, एखादे प्राध्यापक, दुसऱ्या क्षेत्रातला जुना युनियनवाला, कोणीही चालेल. स्थानिक पुढारी मात्र नको. त्याचा हेतू चांगला असला तरी त्याचं श्रेय तिथे तिसरा पक्षकार बनून बसतं.

फीचा मुद्दा लाजून टाळू नका. अर्धी-अर्धी फी ऐकायला न्याय्य वाटते, पण २४० जणांच्या वर्गणीवर चालणाऱ्या युनियनला ती जड जाते. माझ्या मते कंपनीनं सगळी फी द्यायला हरकत नाही. मात्र नेमणुकीचं पत्र दोघांच्या सहीचं असावं, फी निकालाशी नाही तर बैठकांशी बांधलेली असावी, आणि कुठल्याही बाजूला कारण न देता मध्यस्थ बदलता यावा. त्याच पत्रात लिहा की मध्यस्थाला निर्णय द्यायचा अधिकार नाही, बंद खोलीत बोललेलं तो बाहेर सांगणार नाही, आणि बोलणी फिसकटली तर पुढे कोर्टात त्याला साक्षीला बोलावलं जाणार नाही. एक पान पुरतं.

दुसरी पायरी: टेबलाआधीचं ऐकणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एकत्र बैठक लावायची घाई दोघांनाही असते. कंपनीला उत्पादनाची, युनियनला पोरांच्या दबावाची. तुम्ही घाई करू नका.

आधी कारखाना बघा, तोही तिसऱ्या शिफ्टला. एचआरसोबत दिवसा फिरलात तर रंगवलेल्या पिवळ्या रेषा दिसतील. रात्री एकटे गेलात तर पंखा कुठे चालत नाही, पाण्याचा कूलर किती लांब आहे, टार्गेट पुरं करायला कोण जेवणाची सुट्टी अर्धवट सोडून उठतं, हे कळतं. शक्य असेल तर इंदूरहून सुटणाऱ्या स्टाफ बसनं जा. बसमध्ये लोक जे बोलतात ते मागणीपत्रात नसतं.

मग दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बसा. कंपनीकडे फक्त एचआरशी बोलून भागत नाही. प्लांट हेड, उत्पादनाचा मॅनेजर आणि दोन-तीन लाइन सुपरवायझर यांच्याशीही बोला, कारण सुपरवायझर हाच कामगाराला रोज दिसणारा मालक असतो. युनियनकडे पदाधिकाऱ्यांशी बोला, आणि समितीत नसलेल्या पण ज्याचं म्हणणं लोक ऐकतात अशा एखाद्या जुन्या ऑपरेटरशीही. बायका कामावर असतील तर त्यांच्याशी स्वतंत्र बोला. आठ जणांच्या समितीत एकही बाई नसेल तर शौचालय, बसची वेळ आणि रात्रपाळी हे विषय तुमच्या कानावरच येणार नाहीत.

प्रश्न साधे ठेवा. ‘तुम्हाला काय हवंय?’ विचारलंत तर मागणीपत्र वाचून दाखवतील. त्याऐवजी विचारा: गेल्या करारातली कुठली गोष्ट पाळली गेली नाही? रोज डोकं फिरतं ते कशानं? समोरच्यांमधल्या कोणाचा शब्द तुम्ही मानता? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: करार करून आलात तर तुमच्या माणसांना काय सांगणार?

आपल्या कारखान्यात सेक्रेटरी सुरुवातीला नऊ हजारांवर ठाम असतो. तासाभरानं म्हणतो, “साब, पैसे का तो हो जाएगा. पहले ये बताओ, टारगेट किस से पूछ के बढ़ाया?” दुसरीकडे उत्पादनाचा मॅनेजर सांगतो की नवीन फिक्श्चर (काम चालू असताना भाग पकडून ठेवणारं साधन) बसवल्यानं ४६० नग आरामात निघतात. पण ते फिक्श्चर तीनपैकी दोनच लाइनींवर बसलंय, आणि तिसऱ्या लाइनीलाही टार्गेट तेच. एचआर हेडला हे माहीतच नसतं. निम्मं भांडण इथेच दडलंय आणि ते मागणीपत्रात कुठेही नाही.

दोन्हीकडचं ऐकून झाल्यावर प्रत्येक बाजूला तिचंच म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा आणि ‘हेच ना?’ म्हणून विचारा. दुरुस्त्या करू द्या. समोरच्याचं म्हणणं मात्र या टप्प्यावर एकमेकांना पोचवू नका.

तिसरी पायरी: आकड्यांचा एकच कागद

बोलणी फुटतात ती बहुधा मतांवरून नाही, दोन वेगळ्या आकड्यांवरून. युनियन हातात पडणारा पगार मोजते, कंपनी सीटीसी, म्हणजे माणसामागचा एकूण खर्च, मोजते, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. म्हणून एकत्र बैठकीआधी दोन्हीकडचे दोन-दोन जण बसवून माहितीचा एकच कागद करून घ्या. आजचं मूळ वेतन, महागाई भत्ता, इतर भत्ते, हजेरी बोनस, तीन वर्षांतलं उत्पादन, कायम आणि ठेकेदारी कामगारांची संख्या, आसपासच्या तशाच कारखान्यांतले पगार. न्यायालयंही वेतन ठरवताना त्याच उद्योगातल्या आणि त्याच भागातल्या वेतनाकडे बघतात, म्हणून तुलना पिथमपूरच्या सुट्या भागांच्या कारखान्याशी करा, चाकणच्या गाडी कारखान्याशी नको.

मग एक हजाराचा हिशोब मांडा. वाढ मूळ वेतनात गेली तर २४० जणांचे महिना हजाराप्रमाणे वर्षाचे २८.८ लाख होतात. पीएफ-बोनसच्या कायद्यातल्या वेतनमर्यादा आड येत नाहीत असं धरलं, तर त्यावर पीएफचे १२ टक्के, किमान बोनसचे ८.३३ टक्के आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ४.८१ टक्के. म्हणजे हजार रुपयांची वाढ कंपनीला वर्षाला सुमारे ३६ लाखांना पडते. हा आकडा युनियनला दाखवल्यावर कंपनी रडगाणं गातेय की खरं बोलतेय याचा निवाडा तेच करतात. उलट, एवढं सगळं भत्त्यांत टाकून पीएफ वाचवायची कंपनीची जुनी सवयही आता तितकी फळत नाही. नव्या कामगार संहितांप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

कंपनी ताळेबंद उघड करायला तयार नसेल तर तिला बळजबरी करू नका. पण मग ‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य टेबलावर वापरायचं नाही, असं स्पष्ट ठरवून घ्या. एकतर आकडा दाखवा, नाहीतर तो मुद्दा सोडा.

चौथी पायरी: एकत्र बैठक

जागा कारखान्याबाहेरची हवी. हॉटेलचा कॉन्फरन्स हॉल कामगार प्रतिनिधींना अवघडवतो, एमडींची केबिन त्याहून जास्त. एखाद्या संस्थेची साधी खोली, चहाची सोय, आणि शेजारी दुसरी मोकळी खोली, एवढं पुरे. समोरासमोर रांगा लावू नका, गोल टेबल नसेल तर मुद्दाम एकाआड एक बसवा. प्रत्येक बाजूचे पाच-पाच जण, आणि कंपनीकडून जो आलाय त्याला निदान काही मर्यादेपर्यंत हो म्हणायचा अधिकार असला पाहिजे. दर वाक्याला ‘वर विचारतो’ म्हणणारा माणूस बोलणी करत नाही, टपाल पोचवतो.

भाषा हिंदीच राहील, कारण टेबलावर धार-झाबुआचा माणूस असतो, बिहारचा असतो, माळवी बोलणारा असतो. मराठी एचआर आणि मराठी सेक्रेटरी भेटले की आपसात मराठीत कुजबुजायचा मोह होतो. तो टाळा. बाकीच्या आठ जणांना वाटतं सौदा झाला.

नियम थोडेच करा: एका वेळी एक बोलेल, कोणाचं वैयक्तिक वागणं काढायचं नाही, फोन बाहेरच्या टोपलीत. फोनचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. बैठकीतलं अर्धं वाक्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं की दहा मिनिटांत गेटवर त्याची घोषणा होते आणि प्रतिनिधीला माघार घेता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक बैठकीअखेर दोघांच्या संमतीनं चार ओळींचं निवेदन तयार करा. ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर तेवढंच जाईल.

पहिला विषय कोणता घ्यायचा? पगार नको. तो पहिल्या तासात घेतला तर दोघं आपापल्या आकड्याला चिकटतात. अगदी क्षुल्लकही नको, लोकांना वाटतं वेळ काढतायत. आपल्या उदाहरणात मी टार्गेट घेईन. तिसऱ्या लाइनीचा प्रश्न खरा आहे, मोजता येतो, आणि कंपनीला त्यात मागे हटणं स्वस्त पडतं. दोघांचे दोन-दोन जण आणि एक इंडस्ट्रियल इंजिनिअर मिळून तिन्ही लाइनींचा वेळ मोजतील, निकाल येईपर्यंत तिसरी लाइन परत ४०० वर आणली जाईल. एवढं ठरलं तरी सेक्रेटरीकडे गेटवर सांगायला पहिली गोष्ट येते, आणि तीन लाइनींपैकी दोन ४६० वर कायम राहिल्यानं मॅनेजरही मुख्यालयाला तोंड दाखवू शकतो.

निलंबितांचा विषय पगाराच्या बोलण्यात मिसळू देऊ नका. युनियनला वाटतं आधी पोरं आत घ्या मग बोलू, कंपनीला वाटतं ती दोन पोरं म्हणजे हातातला हुकमाचा पत्ता. दोन्ही चुकीचं. त्याचा वेगळा मार्ग आखा: बाहेरचा चौकशी अधिकारी, ठरलेली मुदत, तोवर निलंबन मागे घेऊन दुसऱ्या विभागात काम. मारहाण झाली असेल तर ही सवलत मागू नये, असं मी युनियनला सरळ सांगेन. शब्दाला शब्द वाढला असेल तर कंपनीनं ताणू नये.

पाचवी पायरी: वेगळ्या खोल्या

पगारावर गाडी अडतेच. तेव्हा दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा आणि तुम्ही ये-जा करा. प्रत्येक खोलीतून निघताना विचारा: यातलं काय सांगू, काय नको? वहीत दोन रकाने ठेवा. गोपनीय गोष्ट एकदा जरी निसटली तरी तुमचं काम तिथेच संपलं.

निरोप ‘ते ६,५०० मागतायत’ असा नेऊ नका. जर-तर च्या रूपात न्या: “पहिल्या वर्षीचा आकडा छोटा ठेवला, तर तीन वर्षांचं एकूण वाढवण्याचा विचार कराल का?” असं विचारल्यावर कोणी काही दिलं असं होत नाही, पण दार उघडतं.

करार न झाल्यास काय, याचाही हिशोब बंद खोलीतच मांडा, चारचौघांत नको. समजा युनियन ६,५०० वर आणि कंपनी ५,८०० वर थांबलीय. अंतर ७०० रुपये. तीन वर्षांत एका कामगारामागे ते २५,२०० होतात. त्याचा पगार २४,००० असेल तर महिनाभराच्या संपात तो जवळपास तेवढेच घालवून बसतो. कंपनीच्या खोलीत उलटं गणित: तेच ७०० रुपये २४० जणांचे तीन वर्षांत सुमारे ६० लाख, वरचा बोजा धरून ७५. गिऱ्हाइकाची लाइन तुमच्या भागांअभावी दोन दिवस बंद पडली तर दंड किती? आकडा त्यांनाच काढायला सांगा. तुम्ही काढलात तर ती धमकी वाटते.

लांबलेल्या भांडणाची किंमत इंदूरला वेगळी सांगावी लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. कामगारांच्या थकबाकीच्या सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये, तोही राज्य सरकारच्या पुढाकारानं सगळ्यांत समझोता घडून आल्यावर. मध्ये तीस वर्षं गेली, अनेक कामगारही गेले. अनंत चतुर्दशीला त्या मिलची झांकी (मिरवणुकीतला चित्ररथ) मात्र निघत राहिली.

अडलेल्या आकड्यातून वाट कशी काढतात याचा सगळ्यात सुंदर दाखला १९१८ च्या अहमदाबादचा आहे. गिरणी कामगार ३५ टक्के वाढीवर ठाम होते, मालक २० वर. गांधींनी तोवर उपोषण सुरू केलं होतं. शेवटी ठरलं असं: कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा पाळली गेली. दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचीही. तिसऱ्या दिवसापासून मधले साडेसत्तावीस, लवादाचा निर्णय येईपर्यंत. लवाद होते आनंदशंकर ध्रुव, आणि त्यांनी पुढे ३५ टक्केच दिले. पहिल्या दोन दिवसांच्या त्या आकड्यांना पैशाच्या दृष्टीनं जवळपास काही अर्थ नव्हता. पण त्यांच्यामुळे दोन्हीकडचे आपल्या माणसांसमोर मान ताठ ठेवून गेले.

आपल्या कारखान्यात तोच धडा असा लागतो: एकूण ६,२००, त्यात पहिल्या वर्षी ३,४००, पुढच्या दोन वर्षांत १,४०० प्रत्येकी. सेक्रेटरी गेटवर ६,२०० सांगेल. एचआर हेड मुख्यालयाला सांगेल की पहिल्या वर्षाचा बोजा आपण ठरवलेल्या ३,५०० च्या आतच आहे. दोघंही खरंच बोलतायत.

सहावी पायरी: कराराचा मसुदा

दोन्हीकडच्या वकिलांना दोन मसुदे करू देऊ नका. तुम्ही एक मसुदा करा आणि तोच दोघांकडे फिरवत दुरुस्त करत जा. हिंदी प्रतही त्याच वेळी तयार व्हावी, नंतर भाषांतर नको, आणि दोन प्रतींच्या अर्थामध्ये फरक पडला तर कुठली प्रत धरायची ते लिहा.

‘कामगार उत्पादनात पूर्ण सहकार्य करतील’ असली वाक्यं म्हणजे पुढच्या भांडणाचं बियाणं. त्याजागी लिहा: वेळमोजणीनंतर ठरलेलं टार्गेट अमुक, यंत्र बंद राहिल्यास ते त्या प्रमाणात कमी, साचा बदलायचा वेळ वेगळा, आणि पुढे टार्गेट बदलायचं झाल्यास आधी संयुक्त मोजणी. थकबाकी कुठल्या तारखेपासून आणि किती हप्त्यांत, कराराची मुदत किती, कलमाचा अर्थ लावताना मतभेद झाला तर कोणाकडे जायचं, हेही हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा सहा महिने धरतो, म्हणून ती विसरू नका.

ठेकेदारी कामगार टेबलावर नसतात, पण कराराचा फटका त्यांनाच बसतो. कायमवाल्यांना वाढ मिळाली की पुढच्या भरतीत ठेकेदारीचं प्रमाण वाढतं. निदान कँटीन, बस, सुरक्षा साधनं आणि वेळेवर पगार यांबद्दल त्यांच्यासाठी एक कलम घाला. युनियनला हा विषय कधीकधी नको असतो. तरी काढा.

सह्यांआधी कच्चा मसुदा गेट मिटिंगमध्ये वाचून दाखवला गेला पाहिजे, तिन्ही शिफ्टना. त्याच दिवशी प्लांट हेडनं सगळ्या सुपरवायझरांना तोच मसुदा समजावायचा. ही पायरी लोक गाळतात. मग सोमवारी सुपरवायझर म्हणतो, ‘मला कोणी सांगितलं नाही, ४६० काढा.’ झालं सगळं मुसळ केरात.

सातवी पायरी: सह्यांनंतरचे महिने

हार-तुरे, पेढे, फोटो होऊ द्या. त्यानंतरच्या तीन महिन्यांत करार जगतो किंवा मरतो.

तक्रार निवारण समिती २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला बंधनकारकच आहे. जास्तीत जास्त दहा सदस्य, दोन्ही बाजूंचे सारखे, बायकांना त्यांच्या प्रमाणात जागा, आणि तक्रारीवर ३० दिवसांत निर्णय. बहुतेक ठिकाणी ही समिती फक्त कागदावर असते. तिला जिवंत करायला एक रजिस्टर पुरतं: तक्रार, तारीख, कोणाकडे सोपवली, उत्तर, उत्तराची तारीख. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, पण लिहिलेलं आणि वेळेत हवं. कामगाराला नकार पचतो. ‘बघतो’ मात्र नाही.

महिन्याची बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सुरुवात मागच्या महिन्याच्या रजिस्टरनं, मग करारातली अंमलात यायची राहिलेली कलमं, मग कंपनीकडून पुढच्या महिन्याची ऑर्डर आणि येणारे बदल. हा तिसरा भाग कंपन्या टाळतात. नवीन मशीन येणार असेल तर ते ट्रकमधून उतरायच्या आधी युनियनला कळलं पाहिजे. सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस कायद्यानंच लागते, पण नोटीस बोर्डावर वाचणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं.

मध्यस्थानं पहिल्या तीन बैठकांना गप्प बसून हजर राहावं, नंतर जाणं थांबवावं. दोघंही ‘तुम्ही असलात की बरं पडतं’ म्हणत राहिले तर समजा की तुमच्याशिवाय त्यांचं अजून जमत नाही. मग बैठक चालवायचं काम आळीपाळीनं त्यांच्याचकडे द्या, एक महिना सेक्रेटरी, एक महिना एचआर हेड.

पुढच्या मागणीपत्राची तयारीही याच करारात लिहून ठेवता येते: मुदत संपायच्या सहा महिने आधी आकड्यांचा कागद अद्ययावत करायचा, चार महिने आधी मागणीपत्र, तीन महिने आधी पहिली बैठक. तारखा घालताना दिवाळीचे आठवडे टाळा. त्या दिवसांत बोनसची बोलणी चालू असते, आणि ८.३३ ते २० टक्क्यांमधला तो वाद पगारवाढीच्या टेबलावर आला की दोन्ही विषय एकमेकांत अडकून पडतात.